वर्तुळाबाहेरचे घर

मी, नागरी संरक्षण कार्यालयातील निवृत्त नकाशाकार, वय चौऱ्याऐंशी, अविवाहित, डोळ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची ही व्यवस्था लिहून ठेवते.

१. राहते घर सामानासह माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मुलीला, द्यावे. हे घर मी शहरापासून इतक्या लांब का घेतले, हे तिला कोणी सांगितलेले नाही. अणुबॉम्ब शहराच्या मध्यावर पडला तर कुठवर काय उरेल, याची वर्तुळे नकाशावर काढणे हे माझे काम होते. ताईचे घर पहिल्याच वर्तुळात होते. तिथे काहीच उरणार नव्हते. गुप्ततेच्या शपथेवर मी सही केली होती, म्हणून नुसतेच म्हणत राहिले, "ताई, हे घर विक." ती म्हणाली, "माझ्या घरात ऊन येतं, ते तुला बघवत नाही का गं?" मी एकटीच लांब राहायला आले. पुढे अकरा वर्षे आमचे बोलणे नव्हते.

२. पितळी कर्कटकही भाचीलाच. ती शाळेत भूमिती शिकवते. कर्कटक उत्तम आहे, त्याचा काही दोष नाही.

३. आमच्या साहेबांविषयी तक्रार आहे. ते हयात नाहीत, तरी नोंद असावी. बॉम्ब मोठे होत गेले, तशी वर्तुळे पुन्हा काढावी लागत. इथे राहायला आल्यावर सहाव्या वर्षी माझे हे घरही आत आले. मी साहेबांना दाखवले. ते म्हणाले, "पुढच्या वेळी कागद मोठा घ्या." मी घेतला.

४. ताई गेली त्या आठवड्यात दवाखान्यात मी शपथ मोडली, हे मला मान्य आहे. ताई म्हणाली, "म्हणजे मी मेले असते, तर तू लांबून बघणार होतीस?"

५. भाचीने इथेच राहावे अशी अट नाही. करार झाले, मोडले, अस्त्रे आहेतच. तिला दुसरी कुठली जागा सुचवावी, हे मला ठाऊक नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. दि. १४ मार्च, सकाळ.

(सही)

साक्षीदार:

शेजारचे दंतवैद्य (सही). मजकूर मोठ्याने वाचून त्यांनी विचारले, "बाई, आपण आत्ता बसलोय ते कितव्या वर्तुळात?" मी सांगितले.

समोरच्या घरातली शिंपीण (सही). चहा तसाच ठेवून ती मुलांना शाळेतून आणायला निघाली. शाळा सुटायला अजून दोन तास होते.