दुपारचा सहलेखक

३ नोव्हेंबर, सोमवार

मनुष्यजातीच्या अधःपतनाचा इतिहास लिहायचा झाला, तर माझ्या मते त्याचा आरंभ या टेबलाच्या चौथ्या पायापासून करावा लागेल. तो इतर तिघांपेक्षा बोटभर आखूड आहे. त्याच्याखाली मी शाळेतली धातुरूपांची वही घातली. एवढी वर्षं पाठ केलेली रूपं अखेर कुणाच्या तरी आधाराला आली.

बाकी सगळं झकास. वर्तमानपत्राने मला या गावचा वार्ताहर म्हणून धाडलं ते एकोणपन्नासाव्या वर्षी. ही बढती आहे की वानप्रस्थ, ते अजून कळलेलं नाही. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून बसस्टँड दिसतो. खाली घरमालकीणबाई शिवणकाम करतात. माझ्या कोटाकडे पाहून त्यांनी विचारलं, हा शिवलाय की नुसता अंगावर पडलाय. काम सोपं: सकाळी फिरायचं, प्रत्येक बातमी दोन ठिकाणी पडताळायची, समासात लाल पेन्सिलीने खूण करायची आणि दुपारी चारला मुख्य कार्यालयाला फोनवर वाचून दाखवायची.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चारचा फोन. नंबर लावायच्या आधीच छातीत धडधड, तळवे ओले. दुखणं जुनं आहे आणि माझा उपायही जुनाच: खोकल्याच्या औषधाचं झाकण, त्यात ब्रँडी, साडेतीनला एक. मग आवाज कसा स्थिर होतो. उपसंपादक म्हणाला, तुम्ही बातमी देत नाही, आशीर्वाद देता. आज झाकणं तीन झाली. टेबल डुगडुगतं, त्यामुळे मोजण्यात चूक होते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल ताईला फोन केला. थोरली बहीण, तिला फोनवरूनही वास येतो. म्हणाली, धडधडतं तर डॉक्टरला दाखव, बाटलीला काय दाखवतोस. शेवटी कुणाची तरी मदत घेईन असा शब्द घेतलाच माझ्याकडून, आणि स्वतः रविवारनंतर भेटायला येते म्हणाली.

म्हणून आज सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे दर गुरुवारी एक निवृत्त नर्सबाई पाच-सात पिणाऱ्या, म्हणजे आता न पिणाऱ्या मंडळींना जमवतात. एक सुतार सांगत होता, हात थरथरायचे म्हणून घ्यायला लागलो, पुढे घेतली नाही की थरथरायला लागले. मी श्लोकाच्या चालीवर काहीतरी बोलून सगळ्यांना हसवलं. नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या भीतीवर वेगळा इलाज असतो, सोमवारी अकराला मीच तुम्हाला डॉक्टरीणबाईंकडे नेते. तोवर एकदम बंद करू नका, अंगाशी येईल. बाहेर पडलो तेव्हा कितीतरी दिवसांनी पुरता श्वास घेतला. सोमवारी नक्की.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजची दुपार शांततेत व्यतीत झाली. नर्सबाईंना समक्ष भेटून सोमवारचे रद्द केले. प्रकृती उत्तम असून येण्याची तसदी घेऊ नये, असे ताईंसही कळवले. दोन्ही पडताळले. तो हल्ली फार बोलतो. त्याला माणसांत जाऊ देणे बरे नव्हे.

८ नोव्हेंबर, शनिवार

वरची नोंद माझी नाही.

अक्षर माझं आहे. समासातली लाल खूणही माझीच. पण काल साडेतीन ते सहा यातलं मला काही आठवत नाही. विनोद म्हणून त्याला सहलेखक म्हणू या. मानधनाची वाटणी मागाहून.

धंद्याच्या सवयीने दोन ठिकाणी पडताळलं. नर्सबाई म्हणाल्या, तुम्हीच आला होतात, फार अदबीने बोललात, पण तेवढ्या वेळात तुमची पापणी एकदाही लवली नाही. ताई म्हणाली, अरे, तूच म्हणालास ना येऊ नकोस म्हणून? आणि मला 'आपण' काय म्हणत होतास, मेल्या? तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.

सोमवारचं पुन्हा ठरवून आलो, अकराला थेट दवाखान्यात भेटायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठलं. दुपारी वर कोण आलं होतं, म्हणाल्या. मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, दोघं बोलत होते की. आवाज एकच होता, पण एकमेकांचं बोलणं तोडत होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो नाही. जोडे घालून बसलो होतो. पावणेअकरा. धडधड सुरू झाली, म्हणून एकच झाकण—

मग चार वाजले होते. फोन माझ्या कानाला. उपसंपादक म्हणत होता, आजची बातमी फार छान. कुठली बातमी?

वहीत एक ओळ. 'सोमवार सुखरूप पार पडला.' समासात लाल खूण.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला सगळं सांगितलं. एकही विनोद केला नाही.  ती म्हणाली, उद्या सकाळच्या बसने येते, नर्सबाईंना घेऊनच वर येते. तू नको म्हणालास तरी येते.

बाटली घरमालकीणबाईंकडे दिली. नर्सबाईंनी ठरवून दिली तेवढीच त्या मोजून देणार.  त्यांनी ती शिलाई मशीनच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सव्वानऊ. बस आली. ताई उतरली. हातात निळी पिशवी. नर्सबाई तिला घ्यायला पुढे—

बाटली टेबलावर आहे. अर्धी.

सकाळी मीच मागून नेली म्हणे, घरमालकीणबाई खालून सांगतायत. फार अदबीने. त्यांना नाही म्हणवलं नाही.

जिन्यावर पावलं. दोघींची. ताई हाक मारतेय.

उत्तर— माझ्या तोंडून 'आलो हं' — मी बोललो नाही.

आता काही सुचत नाही, खरं तेच लिहितो. तो कोण, कुठून आला, याची मला भीती नाही. तो गोड बोलतो. तो हसेल, 'आपण' म्हणणार नाही या वेळी, शिकलाय तो. ताईला पटेल. ती पुढच्या बसने परत जाईल आणि मग कुणी येणार नाही. मला काळजी एवढीच आहे, की आता कडी काढायला उठेल तो मी नस—