बिनगव्हाच्या केकची बांधणी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे, ते कळव. दाजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या खोकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही, हेही सांग. (नको, सांगू नकोस. मनाला लावून घेतात.) आम्ही इकडे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे, माझ्या हाताला बोटभर भाजलंय, ओव्हनचं दार मी लाथेने लावतो आणि स्वयंपाकघराच्या छतावर लोण्याचा एक गोळा चिकटलाय, तो कसा काढावा याचा विचार चालू आहे. बाकी सगळं ठीक.

तुला माहीत आहेच की डॉक्टरांनी तुझ्या भावजयीचा गहू कायमचा बंद केला. गव्हात ग्लुटेन म्हणून काही चिकट प्रकार असतो, तो तिच्या पोटाला चालत नाही, कणभरसुद्धा नाही. आता गंमत बघ. मी बायंडर. मैद्याची खळ करून पुस्तकं चिकटवण्यात माझा जन्म गेला. ज्या चिकटपणावर घर चाललं, तोच नेमका घरातल्या माणसाला बाधावा! तिने मात्र एका शब्दाने कुरकुर केली नाही. पण मध्ये एका वाढदिवसाला गेलो होतो, तिथे केकची बशी हातात धरून ती तासभर हसतमुख उभी राहिली आणि निघताना ती बशी गुपचूप माझ्या हातात दिली. मी ती संपवली. (चांगला होता केक. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.) त्याच दिवशी ठरवलं, हिच्या वाढदिवसाला बिनगव्हाचा केक घरी करायचा, तोही साधासुधा नाही, थरांचा.

तू हसतेयस. चहा करताना दूध आधी की पाणी आधी असं विचारणारा माणूस मी, हे मला मान्य आहे. म्हणून लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला एखादी शाल आणा ना." मी हट्ट सोडला नाही, तेव्हा तिने तांदळाचं पीठ, बदामाची पूड, मक्याचं पीठ, अंडी असं सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, ग्लुटेन नसल्यामुळे हे मिश्रण धरून राहत नाही, म्हणून त्यात चिमूटभर गोंद घालायचा. गोंद म्हटल्यावर माझी छाती फुगली. ताई, गोंदातलं मला कोणी शिकवायचं! तिला बहुधा फोनवरून माझी छाती फुगलेली दिसली असावी, कारण ती ओरडलीच, "तुमच्या दुकानातला नाही! खायचा! त्याची वेगळी पूड मिळते!"

वाढदिवसाच्या दिवशी ही शाळेत शिकवायला गेली आणि मी कामाला लागलो. लोणी-साखर फेटायचं यंत्र भांड्यात बुडवायच्या आधी चालू करायचं नसतं, हे यंत्रावर कुठेही लिहिलेलं नाही. (छताचा उल्लेख वर आलाच आहे.) पण थर भाजून निघाले, तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी त्यांच्याकडे बघत खुर्ची घेऊन बसलो. एकच खोट होती. तिन्ही थर मध्ये टेकडीसारखे फुगले होते. एकावर एक ठेवले की वरचा डुलायचा. आता फुगलेली गोष्ट सपाट करायची म्हटल्यावर बायंडरच्या डोक्यात दुसरं काय येणार? मागच्या खोलीत पुस्तकं दाबायचा माझा प्रेस आहे. मी थर कागदात गुंडाळले, दोन फळ्यांमध्ये ठेवले आणि चाक हळूच फिरवलं. असे सुरेख सपाट झाले म्हणून सांगू! कडा कापायला माझी धारेची सुरीही वापरली. काटकोन असा की गोल केक चौकोनी झाला.

आणि मग माझं लक्ष फळ्यांकडे गेलं. फळ्यांवर वर्षानुवर्षांची वाळलेली खळ. मैद्याची. सुरीच्या मुठीवर खळ. माझ्या एप्रनवर तर इतकी खळ की तो एप्रन काढून ठेवला तर स्वतःच्या पायावर उभा राहतो. ताई, मी तिथेच खाली बसलो. तिच्यासाठी म्हणून केलेल्या केकला मीच गहू फासला होता. क्षणभर मनात आलं की वरचा पापुद्रा खरवडला तर कोणाला कळणार आहे? पण तिच्या पोटाला कळलं असतं. केक उचलला आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना नेऊन दिला. त्यांनी खाल्ला आणि "पुस्तकासारखा दिसतो," एवढंच म्हणाल्या.

परत वर आलो, अंघोळ केली, कपडे बदलले, मागच्या खोलीला कुलूप घातलं, भांडी घासली, ओटा घासला, ओटा घासलेलं फडकंही फेकून दिलं, आणि पहिल्यापासून सुरुवात. या वेळी फुगलेले थर फुगलेलेच राहू दिले. पण वेळ कमी, थर गरम, आणि लेकीने बजावलेलं की पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीम लावायचं नाही. मी पंख्याखाली धरले, खिडकीत धरले, शेवटी लावलंच. क्रीम वितळलं आणि वरचा थर अगदी सावकाश, निवृत्त होणाऱ्या माणसाच्या शांतपणाने, खिडकीच्या दिशेने निघाला. मी दोन्ही हातांनी केकला मिठी मारली. आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

आता हात सोडावा तर केक जातो, न सोडावा तर बायको बाहेर. शेवटी तिने तिच्या किल्लीने दार उघडलं. मी कोपरापर्यंत क्रीमने माखलेला, केकच्या गळ्यात पडलेला.

"अहो, हे काय?"

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," मी म्हटलं. "सोडता येत नाहीये."

तिने पर्स ठेवली, हात धुतले आणि दुसऱ्या बाजूने केकला हात लावून उभी राहिली. तसे आम्ही क्रीम घट्ट होईपर्यंत दोघं उभे होतो. तिने फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या हाताला खळ नव्हती ना?" मी अंघोळीपासून फडक्यापर्यंत सगळं सांगितलं. मग तिने एक तुकडा कापला, खाल्ला आणि दुसरा मागितला. ताई, माझ्या बांधणीची आजवर पुष्कळांनी तारीफ केली, पण मागून घेतलेला तो दुसरा तुकडा काही वेगळाच.

दाजींना पुन्हा नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. खरं तर पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. हिने शाळेत माझी इतकी फुशारकी मारली की मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभाचा केक माझ्या गळ्यात पडलाय. तेव्हा कृपा करून उलट टपाली कळव की दाजींच्या सगळ्या पुस्तकांची बांधणी एकाएकी सुटली आहे आणि मी ताबडतोब यायला हवं. हिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता.क. दुसरा. वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडेच आलं. फुशारकी मी नाही मारली. उरलेला केक घेऊन हे स्वतः शाळेत आले आणि शिक्षकांच्या खोलीत उभं राहून म्हणाले, "तीन थरांत काय आहे, म्हणाल तर पाच करतो!" तेव्हा त्यांना अजिबात बोलावू नका, पीठ आणून झालंय. आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्या केकचा मधला थर चक्क कच्चा होता. इतकी वर्षं माझ्या वाढदिवसाचा केक मीच करत आले. बिघडला तर दोष द्यायला घरात दुसरं कोणी नसायचं. या वर्षी होतं. फार बरं वाटलं.