भिंतीवरचा गालिचा

आबा,

तुमच्या गालिच्याचा विमा काढला. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, तो काय पळून जाणार आहे? शेजारच्या इमारतीत चोरी झाली म्हणून आम्ही घराचा विमा काढायला घेतला, तर एजंट म्हणाला, "मॅडम, हा गालिचा घरसामानात धरत नाहीत. याची वेगळी किंमत करून घ्यावी लागेल." मग मुंबईहून एक जाणकार गृहस्थ आले. नक्षीकडे त्यांनी पाहिलंच नाही. गालिचा उलटा करून भिंगातून मागच्या गाठी बघितल्या, ओला पांढरा रुमाल घासून रंग निघतो का ते बघितलं. इराणी आहे म्हणाले, लोकरीचा, हातानं विणलेला, बराच जुना. मग एका विरलेल्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला आणि विचारलं, "इथं रोज एकच माणूस बसायचा का?" मी म्हटलं, हो, माझे वडील. त्यांनी लिहून घेतलं, झीज. तुम्ही गेल्यापासून मला धड रडू आलेलं नाही. वाटलं, आता तरी येईल. पण मी त्यांना चहा घेणार का विचारलं.

देवळालीच्या पारशी बाईंची मराठी पत्रं तुम्ही सुट्टीत लिहून द्यायचात. बंगला विकून मुलाकडे जाताना त्यांनी हा गालिचा तुम्हांला दिला आणि तुम्ही तो एसटीच्या टपावर टाकून हरसूलला आणलात. आपल्या दोन खोल्यांत तो मावेना, एक कड भिंतीला दुमडलेली. आई म्हणाली, गुंडाळून ठेवू, सणाला काढू. तुम्ही म्हणालात, अंथरायची वस्तू आहे, अंथरायचीच. आणि मग जो येईल तो त्यावर. सरपंच, पोस्टमन, बाजाराला आलेले पोरांचे आईबाप, सगळे एका रांगेत, मध्ये तुम्ही वह्या तपासत.

त्या पावसाळ्यात तुमच्या वर्गातला एक मुलगा आणि त्याचा बाप आले. भाताच्या आवणीतून थेट आलेले, पाय चिखलानं भरलेले. मी शहाणपणा करून दाराशी गोणपाट अंथरलं. तुम्ही उठता. गोणपाट उचलता, घडी घालता आणि माझ्या हातात देता. "गालिचा धुता येतो," एवढंच म्हणता. ते दोघं गालिच्यावर अंग चोरून बसतात, मी चहा नेऊन देते. रात्री जेवताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. नंतर आईनं सांगितलं की लहानपणी शाळेत तुम्हांला बसायचं गोणपाट घरून न्यावं लागायचं आणि ते वर्गाच्या दाराबाहेर टाकून बसावं लागायचं. तुम्ही स्वतः ते कधी सांगितलं नाहीत. मला तेव्हा फार लाज वाटली होती. तेव्हा मला गोष्टी वाटायच्या.

एजंटचं म्हणणं पडलं की रोजच्या वापराची झीज विम्यात बसत नाही, भिंतीवर लावला तर सोयीचं. म्हणून लावला. मागून पट्टी शिवून घेतली, वर दिवा बसवला. पाहुणे छान म्हणतात. तुमची जागा आता माझ्या खांद्याच्या उंचीवर आली आहे.

परवा तोच मुलगा आला होता. मुलगा कसला, केस पांढरे झालेत. बायकोला इथल्या सिव्हिलला दाखवायला आणलं होतं, ती तिथं भरती आहे, आणि हा पत्ता विचारत विचारत नागलीचं पीठ घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "गुरुजींचा गालिचा हाय का अजून?" मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यानं मान वर करून बघितलं. "वर गेला," म्हणाला, आणि त्याच्याच खाली फरशीवर बसला. मी म्हटलं, अहो, सोफ्यावर बसा. "नाय ताई, गुरुजींकडं आमी खालीच बसायचो." फरशी गार होती. मी आतून माझी व्यायामाची चटई आणली आणि त्याच्यासाठी अंथरली. तो सरकून तिच्यावर बसला, चहा प्याला, बायकोच्या तपासण्यांचं सांगत राहिला. मी ऐकत होते, विचारपूसही केली. तो गेल्यावर चटई गुंडाळली, तेव्हा तिच्याकडे आणि मग माझ्या खुर्चीकडे बघितलं. तो असेपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठले नव्हते.

आबा, त्या क्षणी तरी काहीतरी व्हायला हवं होतं. मी कपबशा विसळल्या.

हे पत्र पॉलिसीच्या फायलीतच ठेवते, दुसरीकडे कुठं ठेवणार? त्याची बायको अजून दवाखान्यात आहे, तो पुन्हा येईन म्हणाला आहे. गालिचा खाली काढायला दोन माणसं लागतात. मी अजून कोणाला बोलावलेलं नाही.