आर्लिस आत्याच्या जागी

लूप व्हॅली कॉलेज, नेब्रास्का
सोमवार, २१ एप्रिल

ती. आर्लिस आत्यास,
रेनाटाचा सा. न. वि. वि. तू चिडलेली आहेस हे धरूनच लिहिते आहे.

शनिवारच्या सामन्यात जे घडलं ते आधी क्रमाने:

१. चौथ्या डावात तू चेंडू टाकणाऱ्या केन्लीला, आपल्या पिचरला, बाहेर बसवलंस.
२. सहाव्या डावात तिला परत आत पाठवलंस. फलंदाजीच्या क्रमात ती तिसरी होती. तू तिला सातव्या जागी घातलंस.
३. जागा चुकते आहे असं मी दोनदा सांगितलं. तू म्हणालीस की तू तुझं गिरक्या मोजायचं यंत्र बघ.
४. पाहुण्या संघाची कोच डार्सी चालत पंचांकडे गेली.
५. पंचांनी केन्लीला आणि तुला, दोघींनाही बाहेर काढलं. आपण हरलो.
६. तू पंचांच्या बुटांवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी रिकामी केलीस.
७. बसच्या दारात सगळ्या मुलींसमोर क्रीडासंचालक होल्टमायरना म्हणालीस की आता दुसरी मुख्य कोच शोधा.
८. ते म्हणाले, बरं.

सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीची खेळाडू एकदा बाहेर जाऊन परत येऊ शकते, पण स्वतःच्या मूळ जागीच; चुकलं तर खेळाडू आणि कोच दोघीही बाहेर. हा नियम तू दर हिवाळ्यात गावोगावच्या कोचना शिकवतेस. म्हणून तुझी ही चूक मला अजून पटत नाही.

बाबा म्हणाले की तू शेतावर पोचलीस आणि तुझा फोन डुकरांच्या पाण्याच्या टाकीत आहे. पडला की टाकलास, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. म्हणून कागद वापरते आहे.

कॉलेजने काल तुझ्यावर गौरवाचा मजकूर काढला. सोबत पाठवते. फोटोत तू नाहीस, धुलाईखान्यातल्या मिसेस ओबर्ग आहेत. बाकीच्या चुका तू काढ. मी सिंचनयंत्रांच्या कारखान्यात नोकरी करून तुझी अर्धवेळ मदतनीस झाले आहे, इतिहास माझ्याकडे नाही.

रागावलीस तरी लोभ बाजूला ठेवू नकोस.

तुझी,
रेनाटा


कुचेरा फार्म
गुरुवार, २४ एप्रिल

चि. रेनाटास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना आपण एखाद्या बिघडलेल्या पंपाचा अहवाल वाचतोय असं वाटलं. पंप म्हणजे मी. असो.

गौरव वाचला. तुझ्या बाबाला मोठ्याने वाचून दाखवला. तो हसता हसता जॅम भरलेल्या कोलाचे पावाचा घास अडकून खोकत बसला. लिहिलंय की मी ‘लहानपणी हौसेने चेंडू खेळत असे’. हौस कसली डोंबलाची! आमच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. मी मक्याच्या कोठाराच्या दारावर चेंडू मारत सुटायचे. दाराची फळी मोडली तेव्हा तुझे आजोबा म्हणाले की पोरीत दम आहे, आणि दुरुस्ती माझ्याच गळ्यात घातली. ‘कॉलेजने त्यांना संघ दिला’ म्हणे! कॉलेजने मला डुकरांच्या गोठ्यामागची एक पडीक पट्टी दिली आणि बेसबॉलच्या पोरांचे जुने शर्ट. शर्ट गुडघ्यापर्यंत यायचे. पहिल्या वर्षी मुली धावताना पाठीमागून तंबू पळाल्यासारखं दिसायचं. बसही मीच चालवायचे. आणि ‘मुलींची दुसरी आई’? बेसबॉलच्या कोचला कुणी मुलांचा दुसरा बाप म्हणाल्याचं ऐकलंयस कधी? त्याला जिंकणारा कोच म्हणतात. आई व्हायचं असतं तर घरी बसले असते, निदान मैदानाचं गवत तरी कापावं लागलं नसतं.

आता शनिवारचं. केन्ली तिसरी आहे हे मला माहीत होतं गं. तोंडातून सातवी निघालं. का, ते मलाही सांगता येत नाही, आणि तेच टोचतंय. तू सांगितलंस तेव्हा ऐकायला हवं होतं, पण तुझ्या त्या चेंडूच्या गिरक्या मोजणाऱ्या डबड्याचा मला सहा आठवडे राग होता.

एकच गोष्ट चांगली झाली. डार्सी पंचांकडे गेली तेव्हा पळाली नाही, ओरडली नाही, बोटही दाखवलं नाही. अपील असंच करायचं, हे तिला मी शिकवलंय. माझ्या संघात दुसऱ्या वर्षाला असताना ही पोरगी पंचांसमोर रडायची. परवा मला मैदानाबाहेर काढताना तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मनात म्हटलं, शाब्बास, भवाने!

होल्टमायर तुला विचारेल. मी गेले की तीच जागा तुला देणं त्याला सोपं, नवं नाव शिकावं लागत नाही, दारावरची कुचेरा पाटी तीच राहते. घेऊन टाक. माझं झालं. मी इथे डुकरांना पिचिंग शिकवते, ती उलट बोलत नाहीत.

जेवत जा. कारखान्याच्या यंत्रातली चिप्सची पाकिटं म्हणजे जेवण नव्हे.

तुझी आत्या,
आर्लिस


लूप व्हॅली कॉलेज
सोमवार, २८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. पत्र पोचलं. जेवले.

तू म्हणालीस तसंच झालं. होल्टमायरनी मला बोलावलं आणि मुख्य कोच हो म्हणाले. तरुण रक्त, नवी दृष्टी, असं बराच वेळ चाललं. मध्ये एकदा त्यांनी मला आर्लिस म्हटलं. मी विचारलं की आत्याने राजीनामा लिहून दिला आहे का? ते म्हणाले की बसच्या दारात सगळ्यांनी ऐकला. मी म्हटलं की कॉलेजच्या नियमात तो लेखी लागतो. त्यांनी नियम काढून पाहिला. नंतर पाणी मागितलं.

म्हणजे आजच्या घडीला तू बाहेर बसलेली आहेस, संघातून गेलेली नाहीस. फरक तुला मी सांगायला नको.

इकडची हालत: गवत घोट्यापर्यंत आलं आहे, कारण गवत कापायच्या यंत्राची किल्ली तुझ्या निळ्या जॅकेटच्या खिशात आहे. काल जमिनीवरून सरपटत गेलेला एक ग्राउंडर गवतातच थांबला आणि शॉर्टस्टॉपला उभी असलेली मुलगी त्याला शोधत फिरली. केन्लीचा चेंडू माझ्या डबड्याच्या मते उत्तम फिरतो आहे, पण ती प्रत्येक चेंडूनंतर तिसऱ्या बेसजवळ तू उभी राहायचीस त्या रिकाम्या चौकटीकडे बघते. डबडं ते मोजत नाही. डार्सीचा फोन आला होता. ती म्हणाली की शनिवारी परतीच्या बसमध्ये ती सबंध रस्ता रडली, आणि हे कोचना सांगू नकोस. सांगितलं.

आता माझं स्पष्ट. होल्टमायरना माझं उत्तर शनिवारी हवं आहे. तू येणार असशील तर मी नाही म्हणेन. तू यायचंस तर तुझ्याच जागी, मुख्य कोच म्हणून. ते तुला ‘सल्लागार’ करायचं म्हणत होते. ती सातवी जागा झाली, घेऊ नकोस. पंचांची माफी मागावी लागेल, बुटांची वेगळी. डबडं राहील, आणि मी जागा चुकली म्हटलं की तू थांबशील.

येणार नसशील तर मी हो म्हणेन. उपकार म्हणून नाही, मला ते काम हवं आहे म्हणून. पण तू अशी तोंडी, बसच्या दारातून गेलेली मला चालणार नाही. जायचं तर लिहून दे. सोबत किल्ली पाठव.

बाबांना नमस्कार, डुकरांना सहानुभूती. माझ्यावरचा लोभ उत्तर काहीही असलं तरी तेवढाच असू दे.

येणार की नाही, ते शुक्रवार, २ मेपर्यंत कळव.

तुझी,
रेनाटा