ओठ दिसण्यापुरती तार

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे ८.४०. तारा दोन, जोडलेली एक.

म्हाळसा,

संगणकाचे चित्र आता टीव्हीवर येते. निळ्या टोकाच्या तारेला हात लावू नकोस. दहा वाजता आपला गोरक्ष कोकणातून, मेंढरांच्या तळावरून फोन करील. रिमोटवरचे ‘सोर्स’ दाबून ‘पीसी’ निवड आणि संगणकावर हिरवे बटण दाब.

आवाजाची तार जोडलेली नाही. संगणकाचा आवाजही बंद ठेवला आहे. तापात कान गेल्यापासून तू ओठ वाचतेस, तुला त्याचा उपयोग नाही. त्याने मला शिव्या घातल्या तरी त्या तुलाच दिसतील, शेजारच्या पुष्पाला ऐकू जाणार नाहीत. तुझे बोलणे त्याला नीट ऐकू जाईल.

मागच्या रविवारी मोबाइलसमोर तू नुसती मान हलवत होतीस. नंतर म्हणालीस, “अवं, त्याचं त्वांड दिसतं, पर व्हठ न्हाई दिसत.” आज तसे होऊ द्यायचे नाही.

मी वारूळवाडीला जातो. बाराच्या आत येणार नाही. मी मागे दिसलो तर तो फोन ठेवील. कारखान्यातली नोकरी सोडून तो मेंढरांमागे गेला, त्या दिवशी मी त्याला काय बोललो ते तुला ऐकू आले नव्हते. पण तू माझ्या ओठांकडेच पाहत होतीस. ते शब्द मी मागे घेतले, एवढे त्याला सांग.

काल त्याच्या जुन्या व्हिडिओवर पट्टी लावून मोजले. ओठांची रुंदी मोबाइलवर एक सेंटिमीटर, टीव्हीवर सहा.