भामाबाईचा तांब्या

चैत्र वद्य ४, फसली १३२९

डॉक्टरसाहेब देवीच्या टोचणीसाठी नेकनूरला, केजच्या दवाखान्यात मी एकटा कंपाउंडर – आणि नेमकं आजच! विहिरीवर सुरुंग उडवताना दगड पायावर पडलेला धुळाजी बैलगाडीतून आला. गुडघ्याखाली हाड बाहेर, गाडीत रक्ताचं थारोळं. कार्बोलिकने धुतलं, हाड बसवलं, टाके घातले, कामट्या बांधल्या. त्याच्या बायकोला, भामाबाईला, बाहेर बसवलं.

चैत्र वद्य ५

ताप. जीभ कोरडी ठाक. कालपासून लघवी नाही. भरपूर पाणी प्यायला बजावलंय. खाटेजवळचं मडकं तर रिकामं होतंय!

चैत्र वद्य ६

सकाळी साहेबांची चिठ्ठी – "जखमेचं विष चढलेलं दिसतं. उद्या येतो. तोवर लघवी झाली नाही तर पाय कापू. हत्यारं उकळून ठेव."

विहिरी खोदून पोट भरणारा माणूस. पाय गेला तर उतरणार कसा? माझ्याच हातून काहीतरी बिघडलं, असं सारखं वाटत होतं.

दुपारी पाहिलं तर खाटेलगतच्या खिडकीबाहेर माती ओलीचिंब. "चामड्याचं पानी मी पीत न्हाई," धुळाजी म्हणाला. "मेलो तरी न्हाई." इथलं पाणी भिश्ती पखालीतून भरतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! भयंकर चिडलो. मग आठवलं – पखालीचं मी तरी कुठे पितो? माझ्या टेबलाखालीही घरच्या पाण्याने भरलेली, झाकण फिरवून लावायची पितळी फिरकी असतेच. ती त्याला दिली. एका दमात संपवली.

"मारुतीच्या आडाचं आनते मी," म्हणून भामाबाई तांब्या घेऊन निघाली. दिवेलागणीपर्यंत सात तांबे झाले.

चैत्र वद्य ७

पहाटे लघवी झाली! मुलगा पास झाला तेव्हाही मी इतका हरखलो नव्हतो. साहेबांनी जखम पाहिली. "स्वच्छ आहे," म्हणाले. हत्यारं पेटीत परत गेली. जीव भांड्यात पडला.

वैशाख शुद्ध ५

फिरकी घरून भरायची राहिली, म्हणून मारुतीच्या आडावर गेलो. तळाला नुसता गाळ. पुजारी म्हणाला, होळीलाच आटलाय.

परत आलो तर भामाबाई पखालीच्या तोंडाशी तांब्या धरून उभी. मला पाहून दचकली.

"तांब्या तर आमचाच हाय न्हवं," हळूच म्हणाली. "त्यांला सांगू नका, साहेब."

आतून धुळाजी ओरडला – "आडाचं पानी आन गं, लई गोड हाय."

तिचा तांब्या भरला. मग मी माझी फिरकी पुढे केली.