थोरल्या बहिणीचा नंबर

रविवार, १२ फेब्रुवारी २०२३

आज खल्लाफ नोंदणी कचेरीच्या खिडकीत! समोरच्या घरात राहतो, वीस वर्षांचा शेजार, पण बायकांची रांग मोडून पुढे घुसला. मुलीचं ओळखपत्र काढायचंय म्हणे. ‘इब्तिहालचं. पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतात तिला.’

जन्मदाखला पुढे सरकवला. मी तारीख वाचली. अकरा मार्च दोन हजार पाच! इब्तिहाल पंधरा वर्षांची आहे. तिच्या सातव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिला चाळणीत घातलं, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून अंगणभर मीठ मीच उधळलं होतं. तेही दोन हजार सातच्या नोव्हेंबरात.

‘यंत्र बंद आहे,’ मी म्हणाले. यंत्र माझ्या कोपराशी घरघरत होतं. तो यंत्राकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग गेला.

सोमवार, १३ फेब्रुवारी

लिहून टाकते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

दोन हजार पाचची इब्तिहाल वेगळी. खल्लाफ आणि रुहियाची पहिली मुलगी. आठ महिन्यांची असताना तापानं गेली. दुपारी गेली, सूर्य मावळायच्या आत पुरली, आजोबांच्या शेजारी. तान्ह्या पोराच्या मरणाची नोंद करायला आमच्याकडे कोण जातो? दोन वर्षांनी दुसरी झाली. नाव तेच ठेवलं. रुहिया बाळंतिणीच्या खाटेवरून मला म्हणाली, ‘इन्शिराह, कागद आहेच की गं घरात. तोच चालवला तर?’

मी नोंदणी कचेरीची कारकून. मी म्हणायला हवं होतं, नाही चालत. म्हणाले काय? ‘चालव गं! कोण विचारतंय!’ तिचे आरोग्यकेंद्रातले खेटे वाचवले म्हणून स्वतःवर खूश होते. अर्ध्या पंचक्रोशीनं हेच केलंय.

पंधरा वर्षं कुणी विचारलं नाही. आता विचारणारे आलेत. खल्लाफनं इब्तिहालसाठी ठरवलेला नवरा कुवेतला असतो, एक्केचाळीस वर्षांचा. पहिली बायको शेजारच्या गावात आहे. ईदच्या सुट्टीत येणार आणि लग्न उरकून जाणार. लग्न लावणाऱ्या मौलवींना वय अठरा पूर्ण दाखवणारा, जन्मदाखल्यावरचा ओळख नंबर लागतो. तो खल्लाफच्या खिशात आहे.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

सुट्टी. मी ओट्यावर मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसले होते. इब्तिहाल आली आणि न सांगता शेजारी बसून खुडायला लागली.

‘मावशी, माझा नंबर वाचून दाखव ना. तुला येतो म्हणतात.’

दाखवला. चौदा आकडे. पहिला शतकाचा. आम्हा जुन्यांना दोन, दोन हजारनंतरच्यांना तीन. पुढचे सहा जन्माचे साल, महिना, दिवस. मग दोन प्रांताचे. मग चार नोंदीच्या रांगेचे, त्यातला शेवटचा विषम असला तर मुलगा, सम असला तर मुलगी. आणि अगदी शेवटचा आकडा यंत्र स्वतः काढतं, आधीचे तेरा बरोबर आहेत की नाही ते ताडून बघायला.

‘मग यंत्राला कळलं कसं नाही?’

‘काय?’

‘शून्य पाच, शून्य तीन, अकरा. हे माझं नाही.’ गणितात पहिली येते कार्टी! ‘घरचे सांगायचे, तू सहाव्या वर्षी शाळेत गेलीस. या आकड्यांनी तर मी नवव्या वर्षी गेले. मावशी, हे कुणाचं?’

सांगितलं. तिला एक बहीण होऊन गेली एवढं ठाऊक होतं. आपण तिचा नंबर वापरतोय हे नव्हतं. पानं खुडायची थांबली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझे मार्क तिला मिळतात?’

हसावं की रडावं कळेना.

‘मला लग्न नको,’ म्हणाली. ‘परीक्षा द्यायचीय. मग नर्सिंगच्या शाळेत जायचंय. तू काहीतरी कर.’

मंगळवार, २१ फेब्रुवारी

यंत्र अजून बंद.

रविवार, ५ मार्च

खल्लाफ तिसऱ्यांदा आला. या वेळी थेट साहेबांकडे गेला. वदीअसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘बाई, यंत्र चालू आहे. तुम्ही बंद आहात. काय भानगड?’

नावं न घेता विचारलं. मेलेल्या पोरीच्या मरणाची नोंद आता केली तर? साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नावं त्यांनी ओळखली असणार. म्हणाले, ‘नोंद होईल. नंबर मेला. पण मग जिवंत आहे तिच्याकडे काही उरत नाही. नंबर नाही, शाळा नाही, परीक्षा नाही. कागदावर ती जन्मलीच नाही.’

‘मग?’

‘मग नव्यानं जन्म नोंदवायचा. आरोग्य खात्याची समिती शरीर बघून वय ठरवते. आणि बाई, पंधरा वर्षं ज्यांना हे ठाऊक होतं, त्यांनाही जाब विचारतील.’

निवृत्तीला मला सहा वर्षं आहेत. हे लिहिताना लाज वाटते, पण मनात पहिलं तेच आलं.

मंगळवार, ७ मार्च

रुहियाकडे गेले. ती आंबवलेल्या पिठाच्या भाकऱ्या उन्हात फुगायला मांडत होती. म्हटलं, पहिलीच्या मरणाची नोंद कर, तुझ्या पोरीला वाचव.

‘मी?’ पिठाचे हात तिनं माझ्यासमोर धरले. ‘तेव्हा चालव म्हणालीस तू! आणि आता मी खोटी? मी गुन्हेगार?’

खरंच होतं ते. मग तीच म्हणाली, खालच्या आवाजात, ‘पहिलीसाठी मी रडलेसुद्धा नाही गं नीट. दुसरी झाली, तिला तेच नाव लावलं, आणि सगळे म्हणाले, बघ, परत आली.’

शनिवार, ११ मार्च

कागदावर इब्तिहालला आज अठरा पूर्ण झाली. खल्लाफनं गल्लीत सरबत वाटलं. मी घेतलं नाही.

पोरगी मागच्या दारानं आली. तिला दोन्ही बाजू सांगितल्या. काही लपवलं नाही. नोंद केली तर परीक्षा जाईल. नाही केली तर लग्न होईल. पोरगी फार विचार न करता म्हणाली, ‘परीक्षा पुढच्या वर्षी देता येते, मावशी.’

पंधरा वर्षांची आहे. आणि मी चौपन्नाची, महिनाभर कुंथतेय!

मंगळवार, १४ मार्च

दिला जबाब. लेखी. पंधरा वर्षांपूर्वीचं माझं वाक्यही त्यात लिहिलं. कबरस्तानातल्या म्हाताऱ्यानं साक्ष दिली. त्याला मुलीचं कफन किती लहान होतं तेही आठवत होतं. आणि दुपारी रुहिया आली! तोंडावर पदर, एकटी. अंगठा उठवला, बोट पुसलं आणि निघून गेली.

वदीअसाहेबांनी सही केली. मला ताकीद मिळाली, लेखी. तेवढ्यावरच निभावलं.

संध्याकाळी खल्लाफनं गल्लीत उभं राहून मला काय काय म्हटलं ते इथं लिहिणार नाही. रुहियाच्या गालावर पाच बोटं उठलेली मी खिडकीतून पाहिली. तरी बरं वाटत होतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, २३ मार्च

पहिला रोजा. शाळेनं इब्तिहालचं नाव यादीतून काढलं. नंबर लागत नाही म्हणे. पोरगी दप्तर घेऊन परत आली. पुस्तकं माझ्याकडे ठेवायला आणली, कारण बाप जाळीन म्हणतो. लग्न मात्र मोडलं! मौलवींनी कानावर हात ठेवले. बिननंबरी मुलीचं ते लावत नाहीत.

शुक्रवार, २१ एप्रिल

ईद. दारात खल्लाफ! हातात घरी भाजलेल्या बिस्किटांचं ताट. मी दार अर्धंच उघडलं.

‘इन्शिराहबाई, मनात ठेवू नका. तुम्ही केलंत तेच बरोबर. खोट्या कागदावर लग्न म्हणजे पाप लागलं असतं. पोरीचा खरा कागद मीच काढतो आता. बिननंबरी पोरगी घरात किती दिवस ठेवायची? दवाखान्यात गेली तरी नंबर विचारतात.’

अर्ज कसा भरायचा ते विचारायला आला होता. मी बसवलं, चहा केला आणि रकाना न् रकाना सांगितला. माणूस सुधारतो कधीकधी. बिस्किटं चांगली होती.

बुधवार, १० मे

आज इब्तिहालची समिती. मला रजा दिली नाही, म्हणून रुहियाकडून ऐकलं. तीन मिनिटांत संपलं! डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं, दात पाहिले. मनगट दाबलं. एक्स-रेचं यंत्र बिघडलंय, म्हणून तो नाहीच. भिंतीला उभं करून उंची घेतली. पोरगी बापावर गेलीय, उंच आहे. हात पाहिले. शेतातले हात, ते काय सांगणार!

रुहिया म्हणाली, ‘मी ओरडून सांगितलं गं, पंधरा, नोव्हेंबरातली! तर डॉक्टर म्हणतो, बाई, आईबापाच्या सांगण्यावर वय लावायचं असतं तर आम्हाला कशाला बसवलं असतं? शरीर काय सांगतं ते आम्ही लिहितो.’

‘आणि खल्लाफ?’

‘तो एवढंच म्हणाला, साहेब, जे दिसतं ते लिहा.’

निकाल बंद लिफाफ्यात आमच्याच कचेरीत येतो. साहेबांना विचारलं, माझा मार्चमधला जबाब समितीपुढे गेला ना? म्हणाले, ‘तो मरणाच्या फाइलला लागलाय. ती फाइल बंद झाली.’

जेवले नाही.

रविवार, १४ मे

लिफाफा नाही. इब्तिहाल येऊन पुस्तकं घेऊन गेली. म्हणाली, नवा नंबर आला की पुढच्या वर्षी बसायला मिळेल, तोवर बीजगणित संपवते. मी हो म्हणाले.

गुरुवार, १८ मे

आला. अठरा. दिवस ठाऊक नसला की तपासणीचाच दिवस जन्मदिवस धरतात. म्हणजे गेल्या आठवड्यातल्या बुधवारी तिला अठरा पूर्ण झाली.

साहेबांना म्हटलं, हे वय मी यंत्रात टाकणार नाही. म्हणाले, ‘तुम्ही नाही तर मी टाकीन, बाई. समितीचा आकडा आहे.’ मग मीच टाकला. तीन. शून्य पाच, शून्य पाच, दहा. प्रांत. रांग. शेवटचा आकडा यंत्रानं काढला आणि सगळं बरोबर आहे म्हणालं. खल्लाफ खिडकीबाहेर उभा होता. म्हणाला, ‘सावकाश करा, घाई नाही. कुवेतवाल्या नवऱ्यानं सुट्टी वाढवून घेतलीय.’

जुना नंबर खोटा होता, म्हणून मोडता आला. हा खरा आहे.